जरीचा साखळी टाका: आधी सूत, मग वेढा, मग उलटी साखळी

साखळी टाका आपल्यापैकी बहुतेकींनी शाळेतच शिकलेला असतो. रुमालाच्या कोपऱ्यात एक फूल, त्याला हिरवा देठ, आणि देठ साखळीचा. तोच टाका जरीच्या दोऱ्याने घालायला घेतला की दहा-बारा टाक्यांतच रडकुंडीला यायची वेळ येते. दोरा केसाळ होतो, नेढ्यापाशी सोनेरी पापुद्रा सुटतो, आतला पांढरा धागा उघडा पडतो. सुटलेली पट्टी कापडामागे गोळा होते आणि पुढच्याच टाक्याला दोरा तटकन तुटतो. मीही सुरुवातीला तीन रिळं बदलली, दुकानदाराला मनातल्या मनात नावं ठेवली. दुकानदाराची चूक नव्हती. मी जरीला सुतासारखी वागवत होते.

जर म्हणजे एकसंध दोरा नव्हे. आत एक साधा धागा आणि त्याभोवती गुंडाळलेली चकचकीत पट्टी, अशी तिची रचना असते. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा देतात. नकली जरीत चांदीऐवजी तांब्याची तार असते. भरतकामासाठी दुकानात सहज मिळणारं रीळ बहुधा तिसऱ्या प्रकारचं, म्हणजे प्लास्टिक जरीचं: पॉलिस्टरच्या पातळ फिल्मवर अ‍ॅल्युमिनियमचा थर देऊन कापलेल्या बारीक पट्ट्या. तिन्हींमध्ये पट्टी नुसती गुंडाळलेली असते, त्यामुळे घासली की सुटते.

आता थोडा हिशोब. साखळीच्या प्रत्येक कडीला दोरा दोनदा कापडातून जातो, एकदा खाली आणि एकदा वर. रेघेच्या लांबीच्या साधारण साडेतीनपट दोरा लागतो. मीटरभर दोरा घेतला, तर ३ मिमीच्या कड्या घालत तुम्ही सुमारे २५ सेंमी रेघ भराल, म्हणजे ८० च्या वर कड्या. शेवटच्या कडीत बसणारी जर त्याआधी दीडशेहून जास्त वेळा कापडातून ओढली गेलेली असते. तिचा जीव तो केवढा! ३५ सेंमीचाच तुकडा घेतला तर हा आकडा ४०-४५ वर येतो. जरीकामातल्या बहुतेक युक्त्या या एका गोष्टीसाठी आहेत: जर कापडातून कमीत कमी ओढायची.

सामान

कापड घट्ट विणीचं, न ताणणारं घ्या. सरावाला मांजरपाट उत्तम. स्वस्त, थोडा जाड, आणि टाका चुकला तर उसवता येतो. खऱ्या कामासाठी टू बाय टूचा ब्लाउजपीस किंवा रॉ सिल्क चालेल. खणावर पहिल्यांदाच करू नका. खणाची स्वतःची बारीक नक्षी असते, तिच्यात कडी बुडून जाते आणि सुई नेमकी तिथल्या उठलेल्या धाग्यात अडकते. कापड पातळ असेल तर मागे मलमलीचं अस्तर टाचून दोन्ही मिळून रिंगमध्ये लावा.

रिंग लाकडी, ५ किंवा ६ इंची. आतल्या रिंगला सुती पट्टी गुंडाळून घ्या, कापड घसरत नाही आणि वळही कमी पडतो. कापड इतकं ताणलेलं हवं की टिचकी मारल्यावर डफासारखं वाजावं. काम थांबवताना मात्र रिंग काढून ठेवायची. आठवडाभर तशीच राहिली तर गोल वळ इस्त्रीनेही सहज जात नाही.

सुया तीन लागतील. सुती कामाला भरतकामाची ७ नंबरची. या सुयांमध्ये नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. जरीला टोकदार पण मोठ्या नेढ्याची शेनिल सुई, २२ किंवा २४ नंबरची. ही जाडी मुद्दाम घ्यायची, कारण सुई जितकं मोठं भोक पाडेल तितकी जर त्यातून अलगद जाते. बारीक सुईने काम नाजूक होईल असं वाटतं आणि तिथेच जर सोलली जाते. तिसरी सुई बोथट टोकाची, आपण मॅटीच्या भरतकामाला वापरतो ती. तिचं काम पुढे येईल.

दोऱ्यांत अँकर किंवा डीएमसीची सहा पदरी सुती लडी आणि जरीचं एक रीळ. जरीचा टोकाकडचा तुकडा दोन बोटांच्या नखांमधून ओढून पाहा. लगेच सालं निघाली तर ती मशीनच्या किंवा गोंड्यांच्या कामाची समजा. जरीचा प्रकार पाहायचा असेल तर इंचभर तुकडा चिमट्यात धरून जाळा. प्लास्टिकची जर आक्रसून काळी गोळी होते, धातूची असेल तर तार शिल्लक राहते. शिकायला प्लास्टिकचीच घ्या, ती लवचीक असते आणि घामाने काळी पडत नाही. पुण्यात बोहरी आळी आणि तुळशीबाग, मुंबईत भुलेश्वर, इथे हे सगळं एका फेरीत मिळतं.

कात्री जुनी घ्या. जर कापून चांगल्या कात्रीची धार जाते, आणि ती धार दुसऱ्या कुणी घालवली की आपण केवढा आरडाओरडा करतो!

पहिला आठवडा फक्त सूत

जरीला हात लावण्याआधी हात एकसारखा चालायला हवा. जरीत उसवणं जवळपास अशक्य असतं. सुटलेली जर परत वापरता येत नाही आणि कापडावर भोकं दिसत राहतात.

मांजरपाटावर १० सेंमीच्या पाच सरळ रेघा आखा. लडीतले तीन पदर वेगळे करा, पण तिन्ही एकदम ओढू नका. एकेक पदर सुटा काढून पुन्हा एकत्र जोडा, म्हणजे पीळ पडत नाही. सुरुवातीला रेघेच्या उजव्या टोकाला सुई खालून वर काढा. दोरा डाव्या अंगठ्याखाली, जिकडे जायचं त्या दिशेला धरून ठेवा. ज्या भोकातून सुई वर आली त्याच भोकात परत घाला आणि ३ मिमी पुढे टोक बाहेर काढा. टोक दोऱ्याच्या फासावरून आलं पाहिजे. आता सुई ओढा. फास हळूहळू लहान होत कडी तयार होते. पुढची कडी त्याच कडीच्या पोटातून.

ओढण्यातच सगळा फरक पडतो. दोरा आकाशाकडे ओढला तर कडी चिमटून नुसती रेघ दिसते. कापडाला समांतर, पुढच्या दिशेने ओढा आणि कडी अश्रूच्या आकाराची झाली की थांबा. दर चार-पाच कड्यांनी सुई लोंबती सोडा, दोरा स्वतःचा पीळ स्वतः सोडवतो. हा नियम जरीला तर दुप्पट लागू आहे.

तांदळाच्या गोणीचं तोंड शिवलेलं असतं तीही साखळीच. बरोबर टोक सापडलं की एका झटक्यात सर्रकन पूर्ण शिवण सुटते. आपली साखळीही तशीच सुटेल, म्हणून शेवटच्या कडीच्या माथ्यावरून एक छोटा टाका घालून ती कापडाला बांधायची. वर्तुळ पूर्ण करायचं असेल तर पहिल्या कडीच्या दोन्ही बाजूंखालून सुई नेऊन शेवटच्या कडीच्या पोटात परत खाली घाला, सांधा ओळखूही येत नाही. टोकदार कोपऱ्यावर मात्र साखळी वळवू नका. कोपऱ्यावर बांधून टाका, सुई त्याच कडीच्या पोटातून वर काढा आणि नव्या दिशेला नवी साखळी सुरू करा. वळणावर कड्या लहान करायच्या, ३ च्या २ मिमी. न केल्यास गोलाऐवजी अष्टकोन मिळतो.

पाचव्या रेघेतल्या कड्या मोजा. ३१ ते ३५ च्या दरम्यान आल्या आणि लहानमोठ्या दिसत नसल्या तर पुढे जा. नाहीतर अजून पाच रेघा. कंटाळा येतो, पण पर्याय नाही.

जरीचा वेढा

जरीची साखळी शिकायचा सर्वांत सोपा मार्ग असा की साखळी जरीने घालायचीच नाही. साखळी सुताची, तिच्यावर वेढा जरीचा.

सुती साखळी पूर्ण करून बांधून टाका. मग बोथट सुईत जर ओवा. ओवण्याची एक खास पद्धत आहे: टोकापासून दोनेक इंचांवर जर दुमडा, दुमडलेला फास नेढ्यातून बाहेर काढा, तो सुईच्या टोकावरून घालून मागे नेढ्यापर्यंत सरकवा आणि घट्ट करा. जर नेढ्याला बसते आणि मागेपुढे घासत नाही. दुसऱ्या टोकाला नेलपॉलिशचा पारदर्शक थेंब लावून वाळू द्या, पट्टी सुटत नाही.

साखळी सुरू झाली तिथून जर वर काढा. बोथट सुई असल्यामुळे या एका भोकासाठी आधी शेनिल सुईने वाट करून घ्या. पहिली कडी सोडून दुसऱ्या कडीखालून सुई उजवीकडून डावीकडे सरकवा. कापडाला टोचायचं नाही, नुसतं कडीखालून जायचं. पुन्हा उजवीकडे येऊन तिसऱ्या कडीखालून. दर वेळी त्याच बाजूने. शेवटी जर मागे उतरवा. संपूर्ण रेघेत जर कापडातून फक्त दोनदा गेली! म्हणून इथे तुकडा ५०-६० सेंमीचा घेतला तरी चालतो. वेढ्याला रेघेच्या दीडपटीच्या आसपास जर लागते, त्यामुळे एका तुकड्यात ३० सेंमी रेघ आरामात होते.

खालच्या सुताचा रंग विचार करून निवडा. सोनेरी जरीखाली मोहरी-पिवळं सूत घेतलं तर मधल्या फटी दिसत नाहीत आणि सगळी रेघ जरीचीच वाटते. मरून किंवा गर्द हिरवं घेतलं तर दोन रंगांचा पीळ दिसतो, अगदी गोफासारखा. मला दुसरा प्रकार जास्त आवडतो. पैठणीवरच्या ब्लाउजला काठातला रंग खाली घेऊन पाहा.

वेढा आवळायचा नाही. जर कडीवर नुसती टेकली पाहिजे. आवळलीत तर खालची साखळी दोरीसारखी गोळा होते आणि कापडाला चुण्या पडतात.

उलटी साखळी

आता खरी जरीची साखळी. नेहमीच्या पद्धतीने ती घालता येते, पण दोन अडचणी आहेत. एकाच झटक्यात सुई आत-बाहेर केली की जर तिरकी घासते. शिवाय त्याच भोकात परत जाताना टोकदार सुई आधीच्या जरीतून आरपार जाते, पट्टी फाटते, आणि तो काळपट डाग कायमचा. म्हणून मी शिकणाऱ्यांना उलटी साखळीच सांगते. दिसायला सारखीच, फक्त मागून पुढे विणल्यासारखी.

ती अशी घालायची:

१. जर ३५ सेंमी कापा, वर सांगितल्याप्रमाणे नेढ्याला अडकवा. रेघेच्या टोकाला २ मिमीचा एक साधा टाका घाला.

२. रेघेवरच ३ मिमी पुढे सुई खालून वर काढा.

३. मागे येऊन त्या छोट्या टाक्याखालून सुई सरकवा. सुईचं टोक पुढे ठेवू नका, सुई उलटी धरून नेढ्याकडची बाजू आधी घाला. जर टोचली जायचा धोकाच संपतो.

४. जिथून वर आलात त्याच भोकात खाली जा. एक कडी झाली.

५. पुन्हा ३ मिमी पुढे वर या, आता आधीच्या कडीच्या दोन्ही बाजूंखालून सुई न्या, परत त्याच भोकात खाली.

सुई खाली-वर करताना कापडाला काटकोनात, दोन वेगळ्या हालचालींत. वरचा हात वर, खालचा हात खाली. वेग कमी होतो, जर मात्र शाबूत राहते. जर जिथून जाते ते भोक शेनिल सुईने आधीच थोडं गोल फिरवून मोठं केलं तर आणखी सोपं. आणि या साखळीला शेवटी बांधायचा टाका लागत नाही, शेवटची कडी आपल्याच भोकात उतरून बंद होते.

जरीचा तुकडा संपला तर मागे गाठ मारू नका. जरीची गाठ निसटते, नाहीतर पुढून उंचवटा दिसतो. मागे इंचभर शेपूट सोडा आणि साध्या सुती दोऱ्याने तीन-चार टाके घालून ते साखळीच्या मागेच टाचून टाका.

दोरा केसाळ दिसायला लागला की तुकडा अर्धा शिल्लक असला तरी सोडून द्या. चिकटपणाने "अजून दोन कड्या होतील" म्हणायचं आणि त्या दोन कड्याच सगळ्या कामात नजरेला खुपायच्या, हे मी पुरेसं केलं आहे.

आरीबद्दल थोडं

बाजारातल्या ब्लाउजांवरची जरीची साखळी इतकी बारीक आणि सलग कशी, असा प्रश्न पडतोच. ती आरीची. आरी म्हणजे लाकडी मुठीत बसवलेली, टोकाला बारीक आकडा असलेली सुई. कच्छ-सौराष्ट्रातल्या मोची कारागिरांनी चामड्यावर वापरायचं हे हत्यार कापडावर आणलं, म्हणून त्या कामाला मोची भरत म्हणतात. हेच तंत्र १८ व्या शतकात युरोपात पसरलं आणि ढोलासारख्या ताणलेल्या चौकटीवरून त्याला फ्रेंचमध्ये तांबूर हे नाव पडलं.

आरीत दोरा रिळातून कापडाच्या खाली डाव्या हातात असतो. आकडा वरून खाली घालायचा, त्यावर दोरा अडकवायचा, मूठ अर्धी फिरवायची आणि आकड्याची गुळगुळीत पाठ भोकाच्या कडेला दाबत फास वर काढायचा. पाठ दाबली नाही तर आकडा कापड पकडतो, नवशिक्यांची निम्मी चिडचिड इथेच. इथे जरीचा प्रत्येक भाग एका कडीपुरता एकदाच कापडातून जातो. सुरुवातीचा हिशोब आठवा. म्हणून आरीत जर तुटत नाही. पण दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणजे पायांवर उभी राहणारी चौकट हवी. त्यासाठी शिक्षकासमोर बसून महिनाभर शिकणंच बरं.

पहिलं काम: बाहीवरची कोयरी

ब्लाउज शिवून आल्यावर भरू नका. कापड सपाट असताना त्यावर बाहीचा आकार आखून घ्या, शिवणीसाठी चहूबाजूंनी २ सेंमी मोकळे सोडा, आणि भरून झाल्यावरच कापड टेलरकडे द्या.

कोयरी ५ सेंमी उंच, एकच बाह्यरेषा, आत एक लहान समांतर रेषा, पोटात तीन पाकळ्या. यापेक्षा जास्त काही नको. डिझाइन ट्रेसिंग पेपरवर काढा. फिक्या कापडावर निळा कार्बन, गडदावर पिवळा. जुनी पद्धतही छान आहे: ट्रेसिंगच्या रेघांवर सुईने भोकं पाडायची आणि रॉकेलमध्ये कालवलेली पांढरी पूड किंवा नीळ कापसाच्या बोळ्याने वरून फिरवायची. बोळा कोरडासा असावा, नाहीतर ठिपक्यांचे ओघळ होतात. उष्णतेने पुसले जाणारे पेन मी टाळते. त्याची रेघ पुसायला गरम इस्त्री लागते, आणि थंडीत ती रेघ परत उमटू शकते.

बाह्यरेषा साधारण १५ सेंमी भरते. आधी ती मरून सुताच्या साखळीने, कोयरीच्या टोकापासून सुरू करून पोटाकडून फिरत परत टोकाशी. टोक अणकुचीदार आहे, तिथे बांधून थांबायचं. आतल्या रेषेला जरीची उलटी साखळी, याही वेळी दिशा तीच. जर प्रकाश एका अंगाने परावर्तित करते. शेजारच्या दोन ओळी उलट दिशांनी गेल्या तर एक उजळ आणि एक मळकट दिसते, मग कितीही नीट भरलं तरी डोळ्याला पटत नाही. पाकळ्या म्हणजे सुट्या, एकेकच कड्या, आपण लेझी डेझी म्हणतो त्या. जरीच्या घाला, प्रत्येकीच्या माथ्यावर छोटा टाका. बाह्यरेषेवर जरीचा वेढा सगळ्यात शेवटी, कारण रिंग हलवताना, हात टेकताना आधी घातलेली जर चुरगळते. रिंग भरलेल्या जरीवर कधीच लावू नका.

रोज अर्धा-पाऊण तास दिला तर दोन बाह्यांच्या दोन कोयऱ्या आठवड्याभरात होतात. दुसरी कोयरी आरशातल्यासारखी उलटी काढायला विसरू नका. मी विसरले होते. दोन्ही कोयऱ्या एकाच बाजूला तोंड करून, रुसल्यासारख्या.

झाल्यानंतर

इस्त्री उलट बाजूने, खाली जाड टॉवेल, वर सुती फडकं, उष्णता मंद. टेलरला हे तोंडी सांगून भागत नाही. माझ्या एका ब्लाउजवर शिवण बसवताना गरम इस्त्री सरळ फिरली आणि प्लास्टिकच्या जरीची चकाकी जाऊन सुरकुतलेली करडी रेघ उरली. तेव्हापासून भरलेल्या भागावर मलमलीचा तुकडा टाचूनच कापड देते. शिवून आल्यावर चार टाके उसवले की काम झालं.

प्लास्टिकची जर असेल तर थंड पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुता येते, पिळायचं नाही. तांब्याची किंवा चांदीची असेल तर ड्रायक्लीन. अत्तर किंवा डिओ ब्लाउज घालण्याआधी लावा आणि वाळू द्या, धातूच्या जरीवर त्याचे काळे ठिपके पडतात. कपाटात ठेवताना घडी भरलेल्या जागेवर येऊ नये, मलमलीत गुंडाळावं, आणि डांबराच्या गोळ्या त्या कप्प्यात नकोत.